अधिकृत केंद्राशी संपर्क साधा

माझ्याकडे मेकॅनिकल इंजिनिअरिंगची डिग्री आहे. थर्मोडायनॅमिक्समध्ये चांगले मार्क होते. गेल्या एप्रिलमध्ये खंबाटकी घाटात गाडीचं बॉनेट उघडण्याचा खटका शोधायला मला पाच मिनिटं लागली. शेजारच्या सीटवर बाबा होते, मागे आई. बाबा आयटीआय झालेले फिटर, चिंचवडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. ते काही बोलले नाहीत. खाली वाकले आणि स्टिअरिंगखालचा खटका ओढला.

पुण्यातल्या माझ्या पिढीच्या हजारो मुलांची हीच कथा आहे. डिग्री मेकॅनिकल, नोकरी हिंजवडीला, काम कोडिंगचं. याची लाज वाटावी की नाही, हा वेगळा विषय. मला बोलायचंय ते गाडी बंद पडल्यानंतरच्या दहा दिवसांत जे कळलं त्याबद्दल.

झालं ते असं. घाट चढताना डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. आमची छोटी हॅचबॅक, नऊ वर्षांची. तिच्यात तापमानाचा काटाच नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा, अति तापल्यावर लाल, मध्ये काहीच नाही. जुन्या गाड्यांमध्ये काटा असायचा. तो नेहमीच्या जागेवरून थोडा वर सरकला की चालवणाऱ्याला कळायचं, काहीतरी बिनसतंय. आता अनेक छोट्या गाड्यांतून तो काटा गेला. ग्राहकाला उगीच काळजी नको, असं त्याचं समर्थन केलं जातं. म्हणजे काळजी करायची वेळ आल्यावर सांगायचं नाही, पाणी उकळल्यावर सांगायचं.

तासभर थांबलो. बाबांनी टाकीच्या झाकणाला हात लावू दिला नाही. बरोबरच होतं ते. गाडीची कूलिंग सिस्टिम बंद आणि दाबाखाली असते. कूलंटमधलं ग्लायकॉल आणि हा दाब मिळून उकळबिंदू १२० अंशांच्या वर जातो. गरम असताना झाकण उघडलं की दाब एकदम जातो, आतलं पाणी त्याच क्षणी उकळतं आणि तोंडावर येतं. हे मी सेमिस्टरला दोनदा लिहिलं होतं, पण माझा हात झाकणाकडे गेलाच होता.

गार झाल्यावर पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या आणि थांबत थांबत साताऱ्याला पोचलो. दोन दिवसांनी गाडी टोचन करून पुण्यात आणली.

पहिल्यांदा गेलो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका सेंटरचा नाही. एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन. दुसऱ्या दिवशी एस्टिमेट आलं : रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट असेंब्ली, सगळे होज पाइप, कूलंट, मजुरी. एकूण सव्वीस हजारांच्या आसपास. मी विचारलं, "गळतंय नक्की कुठून?" उत्तर आलं, "सर, कूलिंग सिस्टिममध्ये लीकेज आहे." मी म्हटलं, "मला बघता येईल का?" "सर, सेफ्टीमुळे कस्टमरला आत अलाउड नाही." पार्ट नंबर मागितला. तोही देता येत नाही म्हणाले.

मी पैसे भरायला निघालो होतो, हे कबूल करतो. आपल्याला वेळ नसतो आणि न समजणाऱ्या गोष्टीचे पैसे भरून मोकळं होणं हीच आपली सवय झालेली आहे. बाबांनी अडवलं. "गळतंय कुठून हे ज्याला सांगता येत नाही, त्याला बदलायचं काय हे कसं कळलं?"

गाडी परत काढली आणि धायरीच्या एका गॅरेजवर नेली. तिथल्या काकांनी गाडी गार असताना बॅटरी मारून सगळीकडे बघितलं. इंजिनच्या एका कडेला गुलाबीसर पांढरी पूड साचली होती. कूलंट सुकलं की त्याचा असा थर उरतो. पूड पुसली, गाडी चालू करून थोडी तापवली आणि बोट ठेवून दाखवलं. थर्मोस्टॅटच्या काळ्या प्लॅस्टिकच्या हाउसिंगला, जिथे होज पाइप चढतो त्या मानेला, केसाएवढी चीर. वीस मिनिटांत निदान झालं.

इथे गॅरेजवाल्याची आरती ओवाळून लेख संपवता आला असता, पण खरं सांगायला हवं. काकांचा पुढचा सल्ला चुकीचा होता. "थर्मोस्टॅट काढून टाकू साहेब, आपल्या हवेत त्याची गरज नाही. चिरेला एमसील लावू, कूलंटऐवजी पाणी भरू. पाचशेत काम." हा सल्ला भारतभर दिला जातो. थर्मोस्टॅट काढला की इंजिन योग्य तापमानाला लवकर पोचत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. नुसतं पाणी भरलं, त्यातही पुण्यातल्या सोसायट्यांचं बोअरवेलचं जड पाणी, की रेडिएटरमध्ये क्षार साचतात आणि ॲल्युमिनियम गंजतं. आणि कूलंट मुरलेल्या, आतून कमजोर झालेल्या प्लॅस्टिकवर एमसील दाबाखाली टिकत नाही. ते घाटातच सुटतं. मग पुढची पायरी म्हणजे इंजिन तापून हेड गॅस्केट जाणं, हेड वाकडं होणं, हेड उतरवून फेस मारून आणणं. पाचशेच्या कामाचे पस्तीस हजार.

बाबा काकांना एवढंच म्हणाले, "कंपनीनं तो हौसेनं बसवलेला नाही हो."

तर एकीकडे ज्याला माहिती मिळते पण जो सांगत नाही तो, दुसरीकडे ज्याचे हात तयार आहेत पण ज्याला माहिती कुणी दिलीच नाही तो. अधिकृत केंद्रवाले दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "बघा, हे जुगाडू लोक. म्हणून आमच्याकडे या." पण काकांना त्या इंजिनचं सर्व्हिस मॅन्युअल कधी मिळालं? ते विकत घ्यायची त्यांची तयारी असती तरी त्यांना ते कुणी विकलं असतं? आधी माणसाला अडाणी ठेवायचं आणि मग त्याच्या अडाणीपणाची भीती ग्राहकाला घालायची, असा हा धंदा आहे.

हा माझा वैयक्तिक त्रागा नाही. २०११ साली एका ग्राहकाने केलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये देशातल्या १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात येऊ न देणं, बाहेर दुरुस्ती केली की वॉरंटी नाकारणं, ही कारणं होती. भाग आणि साधनं स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून द्या, असंही आयोगाने सांगितलं. पुढे अपिलं झाली, दंडाच्या आकड्यांवर वाद झाले. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ सालीच कायदा केला : अधिकृत डीलरला मिळते ती दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजलाही रास्त किमतीत मिळाली पाहिजे. गाड्यांचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात यावर निवडणुकीत कुणी एक वाक्य बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता प्लॅस्टिकबद्दल. "पूर्वी सगळं लोखंडी होतं, आता प्लॅस्टिक, म्हणून फुटतं" हे वाक्य मला प्रत्येकाने ऐकवलं. ते अर्धवट आहे. हे प्लॅस्टिक बादलीचं नव्हे, काचेचे तंतू घातलेलं नायलॉन असतं. वजनाला हलकं, साच्यातून गुंतागुंतीचा आकार एका फटक्यात निघतो, गंजत नाही. डिझाइन करणाऱ्यांनी ते मूर्खपणाने निवडलेलं नाही. पण रोज तापणं आणि गार होणं, आत गरम पाणी आणि ग्लायकॉल, बाहेर इंजिनची धग, यामुळे ते वर्षागणिक ठिसूळ होत जातं आणि बहुधा साच्याच्या जोडरेषेवर चिरतं. हे कंपन्यांना माहीत आहे. माझा आक्षेप प्लॅस्टिकला नाही. ज्या भागाचं आयुष्य मर्यादित आहे हे तुम्हाला माहीत आहे, तो मालकाच्या पुस्तिकेत तपासणीच्या यादीत का नाही? टायमिंग बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा हे छापता, मग या हाउसिंगचं वय का छापत नाही? छापलं तर आठव्या वर्षी माणूस दोन हजार रुपयांत तो बदलून मोकळा होईल. नाही छापलं तर नवव्या वर्षी घाटात उभा राहील आणि सव्वीस हजारांचं एस्टिमेट हातात घेईल. यात फायदा कुणाचा, हे समजायला डिग्री लागत नाही.

तो भाग आम्ही नाना पेठेतून आणला. पहिल्या दोन दुकानांत मिळाला नाही. तिसऱ्यातल्या म्हाताऱ्या मालकांनी मोबाईलवरचा फोटो बघितलाच नाही, फुटलेला तुकडा हातात मागितला. फिरवून बघितला, "पेट्रोल ना? कुठल्या सालची?" एवढं विचारलं आणि माळ्यावरच्या पोऱ्याला हाक मारली. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जो पार्ट नंबर गुप्त होता, तो डब्यावर ठळक छापलेला होता. कंपनीचा ओरिजिनल अठराशे पन्नासला, डुप्लिकेट सहाशेला. मात्र ओरिजिनल फक्त पूर्ण असेंब्लीच मिळते, थर्मोस्टॅट आणि हाउसिंग एकत्र. नुसतं हाउसिंग सुटं विकतच नाहीत. आमचा थर्मोस्टॅट धडधाकट होता, तो भंगारात गेला.

काम काकांच्या गॅरेजवर, बाबांच्या देखरेखीखाली, मी केलं. दोन बोल्ट, दोन क्लॅम्प, एक ओ-रिंग. बोल्ट आवळताना बाबांनी मनगट धरलं. "प्लॅस्टिक आहे. थोडा हा, थोडा तो. जोर लावशील तर आजच चीर देशील." मग डिस्टिल्ड वॉटर मिसळलेलं कूलंट, आत अडकलेली हवा निघेपर्यंत गाडी चालू, हीटर फुल. दोन तास लागले. काकांनी सगळं नीट बघितलं, मजुरी घेतली आणि म्हणाले, "पुढच्याला थर्मोस्टॅट काढायला नाही सांगणार." एका संध्याकाळच्या संवादात जे झालं, ते कंपन्यांनी मॅन्युअल खुलं केलं तर शहरभर होईल.

आता जे लिहायचं मी टाळत होतो ते. दोन वर्षांपूर्वी मी एका वाहन कंपनीच्या मोबाईल ॲपवर काम केलं. गाडीत बिघाड झाला की गाडीतला संगणक कोड देतो. उदाहरणार्थ पी०१२८ म्हणजे इंजिन अपेक्षित तापमानाला पोचत नाहीये, बहुतेक वेळा थर्मोस्टॅटमुळे. हे कोड ॲपपर्यंत येत होते. आमच्याकडे एक तक्ता होता : डाव्या बाजूला कोड, उजव्या बाजूला ग्राहकाला दाखवायचा मजकूर. उजव्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच वाक्य होतं : "कृपया अधिकृत सर्व्हिस केंद्राशी संपर्क साधा." ते मी टाकलं. कॉपी-पेस्ट करून, एका दुपारी. प्रश्न विचारावा असं तेव्हा मला सुचलंही नाही. टिकेट बंद झालं, शाबासकीही मिळाली.

म्हणून "कंपन्या वाईट आहेत" एवढं म्हणून मला सुटता येत नाही. घाटातला तो मुका लाल दिवा माझ्यासारख्याच कुणीतरी बनवला आहे. माहिती गाडीत असते, ती मालकापर्यंत पोचू न देण्याचं काम करणारे हात आपले आहेत. खडकी, पिंपरी, चाकण इथे इंजिनं बनवून जे शहर मोठं झालं, त्या शहरात आता यंत्राला कुलूप घालण्याच्या कामाला जास्त पगार मिळतो आणि यंत्र उघडणाऱ्याला आपण "काळ्या हातांचा" समजतो. बाबांनी तीस वर्षं हात काळे करून माझी फी भरली. मी त्या डिग्रीने जे केलं ते वर लिहिलंच आहे.

मागण्या साध्या आहेत. प्रत्येक भागाचा नंबर आणि किंमत कंपनीच्या संकेतस्थळावर उघड असावी. झिजणारा भाग सुटा मिळावा, असेंब्लीची सक्ती नको. सर्व्हिस मॅन्युअल आणि निदानाची साधनं कुठल्याही गॅरेजला रास्त किमतीत विकत मिळावीत. ॲपने कोड आणि त्याचा अर्थ मराठीत दाखवावा, मग खुशाल खाली केंद्राचा नंबर द्यावा. वय होणाऱ्या प्लॅस्टिक भागांची यादी पुस्तिकेत छापावी. सुरक्षेचं कारण पुढे केलं जाईल. ब्रेकच्या बाबतीत त्यात तथ्य असेलही. पण ज्या माणसाला काय बिघडलंय हे माहीत आहे, तो न माहीत असलेल्यापेक्षा कमी सुरक्षित कसा, हे कुणीतरी समजावून सांगावं.

आणि हे वाचणारे जे माझ्यासारखे तक्ते भरण्याचं काम करतात, त्यांनी पुढच्या वेळी उजव्या रकान्यात काय लिहितोय ते एकदा वाचावं आणि मीटिंगमध्ये निदान प्रश्न विचारावा. मी गेल्या महिन्यात माझ्या आताच्या प्रोजेक्टमध्ये विचारला. "स्कोपमध्ये नाही" असं उत्तर मिळालं. पुढच्या मीटिंगमध्ये पुन्हा विचारणार आहे.

तोवर एक करा. उद्या सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बॉनेट उघडा. पांढुरक्या टाकीवर दोन रेषा असतात, कूलंट त्यांच्या मध्ये आहे का बघा. आजूबाजूला कुठे रंगीत पूड दिसते का बघा. खटका स्टिअरिंगच्या खाली असतो, बहुतेक उजवीकडे.