शिधापत्रिका दाखवून विमा बुडविता येणार नाही

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत, लोणी देवकरच्या वसाहतीत आणि इंदापूर तालुक्यातील लहानमोठ्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारा कामगार जेव्हा कंत्राटदाराजवळ आपल्या विमा क्रमांकाची चौकशी करतो, तेव्हा त्यास हल्ली एक ठराविक उत्तर ऐकावयास मिळते. "तुझ्याजवळ शिधापत्रिका आहे ना? सरकारने पाच लाखांपर्यंतचा इलाज फुकट केला आहे. मग पगारातून पैसे कापून घेऊन कामगार विमा कशाला हवा?" हे उत्तर कामगारालाही गोड लागते. बारा हजारांच्या वेतनातून कापले जाणारे ९० रुपये वाचले, या समाधानात तो घरी जातो. वाचकहो, हे ९० रुपये वाचल्यामुळे नेमका सुखी कोण होतो, याचा हिशेब आज आपणांस मांडावयाचा आहे.

राज्य कामगार विमा योजनेत २०१९ च्या जुलैपासून ठरलेल्या दराने कामगाराच्या वेतनातून शेकडा पाऊण रुपया घ्यावयाचा आणि मालकाने शेकडा सव्वातीन रुपये आपल्या पदरचे भरावयाचे. म्हणजे १२,००० रुपये वेतनावर कामगाराचे ९० आणि मालकाचे ३९०. कामगाराचे ९० वाचतात तेव्हा मालकाचे ३९० वाचतात. असे ५० कामगार ज्या कंत्राटदाराकडे असतील, त्याचे महिन्यास १९,५०० आणि वर्षास २ लाख ३४ हजार रुपये वाचले. सरकारी योजनेचे गुणगान तो इतक्या आवडीने का करतो, हे आता निराळे सांगावयास नको!

आणि कामगाराने काय गमावले? तोच बारा हजारांचा कामगार तापाने अंथरुणास खिळला, तर विम्याखाली त्याला वेतनाच्या शेकडा ७० या दराने, म्हणजे रोज सुमारे २८० रुपये, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळावयाचे. कापड कारखान्यात शिवणयंत्रावर बसणारी आमची भगिनी बाळंत झाली, तर २६ आठवडे पूर्ण वेतन, म्हणजे सुमारे ७२,८०० रुपये, तिच्या हक्काचे. यंत्रात हात सापडला तर बरे होईपर्यंत वेतनाच्या शेकडा ९०, आणि कामावर मृत्यू ओढवला तर विधवेस व मुलांस निर्वाहवेतन. डॉक्टर, औषध, कुटुंबाचा उपचार हे सर्व आणखी वेगळेच. सरकारी योजना यांपैकी एक पैसाही रोख देत नाही. ती रुग्णालयात दाखल झालेल्यावर ठरलेल्या यादीतील शस्त्रक्रिया आणि उपचार करून देते. ते मोलाचे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु शस्त्रक्रियेनंतर दोन महिने घरी पडून असलेल्या माणसाची चूल कशावर पेटते, या प्रश्नाचे उत्तर त्या योजनेत नाही, विम्यात आहे. म्हणून एक असताना दुसरे कशाला हा प्रश्नच मुळात कपटाचा आहे.

आमच्या कित्येक बांधवांच्या मनात एक जुनी भीती घर करून बसली आहे, तीही येथे उघड बोलली पाहिजे. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली. २०१३ च्या नोव्हेंबरात ती आपल्या पुणे जिल्ह्यासह सर्व राज्यात आली, आणि २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी पत्रिकेवर चाले, आणि केशरी पत्रिकेला वर्षास एक लाख रुपये उत्पन्नाची मर्यादा होती. एक लाख म्हणजे महिन्यास ८,३३३ रुपये! कामगार विम्याची वेतनमर्यादा मात्र २०१७ च्या जानेवारीत २१,००० वर नेण्यात आली होती. म्हणजे ८,३३३ आणि २१,००० यांच्या मधला जो कामगार, त्याला नियमाप्रमाणे सरकारी योजना बंद आणि विमा हाच एक आधार. तो विमाही कंत्राटदाराने भरला नाही, तर दोन्ही दारे बंद. यातून लोकांनी काय शिकावयाचे ते शिकले. पगार कागदावर आला तर पत्रिका जाईल, म्हणून पगार कागदावर येऊच द्यावयाचा नाही. मालकाला हेच हवे होते. कामगार स्वतःच नोंद नको म्हणू लागला की मालकाला चोरी करण्याचेही श्रम उरत नाहीत.

ती स्थिती आता पालटली आहे. १ जुलै २०२४ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांस खुली झाली आणि कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली. पांढऱ्या पत्रिकेचा धनीही तीत आला. सवलतीच्या धान्यास उत्पन्नाची अट आहे, तो प्रश्न निराळा. उपचारासाठी मात्र पगार लपविण्याचे कारण उरलेले नाही. असे असता जुन्या भीतीपायी विमा क्रमांक नाकारणे म्हणजे सोडविलेला दोर आपल्याच हाताने पुन्हा पायास बांधून घेणे होय. आणि जोतीरावांचे नाव ज्या योजनेस दिले, तिचा उपयोग मालकाची तिजोरी राखण्याकडे व्हावा, यापरता विपर्यास कोणता?

राज्याने द्यावे की मालकाने द्यावे, हा वाद नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूतीभत्त्याच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी त्याचा निकाल लावून ठेवला आहे. लोककल्याण हे सरकारचे काम असल्यामुळे या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, हे त्यांनी मान्य केले. परंतु तेवढ्याने मालक मोकळा होतो, हे त्यांनी मान्य केले नाही. स्त्रीच्या श्रमातून ज्याला लाभ होतो, त्याने तिच्या बाळंतपणाचा काही भार सोसलाच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि त्याच काळात प्राध्यापक अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविले गेले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला. कायदा १९४८ साली संमत झाला तेव्हा ते खाते बाबासाहेबांकडे नव्हते. परंतु ज्या पायावर तो उभा राहिला, तो पाया त्यांच्या कारकिर्दीत घातला गेला. राज्य आहे म्हणून मालक सुटत नाही, आणि मालक आहे म्हणून राज्य सुटत नाही, हीच ती भूमिका होय.

आता उलट बाजूचे दार पाहा. विमा असलेला कामगार सरकारी योजनेच्या रुग्णालयात गेला आणि त्यास "तुमचा विमा आहे, ही योजना तुम्हांस नाही" असे तोंडी सांगितले गेले, तर त्याने काय करावे? निमूटपणे परत फिरू नये. १९४८ च्या कायद्याच्या ६१ व्या कलमाने विम्याचा लाभ मिळणाऱ्यास तशाच प्रकारचा लाभ दुसऱ्या कायद्याखाली घेण्यास मनाई केली होती, हे खरे. परंतु महात्मा फुले योजना शासन निर्णयाने चालते. ती विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ७० वर्षांवरील सर्व वृद्धांसाठी पाच लाखांची योजना आणली, तेव्हा कामगार विम्याखालील वृद्धांनाही ती मिळेल असे स्पष्ट जाहीर केले. म्हणून नकार देणाऱ्याकडे नियम मागावा आणि तो लेखी मागावा. रुग्णालयात बसणारा आरोग्यमित्र याच कामासाठी नेमलेला असतो. एका शस्त्रक्रियेचे पैसे दोनदा मागावयाचे नाहीत, तशी आमची इच्छाही नाही. दोघांपैकी एकाने तरी ती करावी, आणि दोघांच्या भांडणात रोगी दारात तिष्ठू नये, इतकेच आमचे मागणे आहे.

विम्याविरुद्ध एक तक्रार मात्र खरी आहे. कामगार विम्याची मोठी रुग्णालये पुण्यात बिबवेवाडीस आणि चिंचवडास आहेत. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर, इंदापूर त्याहून दूर. एका दिवसाच्या तपासणीसाठी एका दिवसाचा पगार आणि गाडीभाडे गमावणारा माणूस विम्यास नावे ठेवतो, यात नवल नाही. परंतु यावर उपाय विमा सोडणे हा नव्हे. पोष्ट लांब आहे म्हणून कोणी मनिऑर्डर नाकारीत नाही. तातडीच्या प्रसंगी कोणत्याही खाजगी रुग्णालयात जाऊन नंतर ठरलेल्या दराने खर्च परत मागता येतो, हे किती कामगारांस ठाऊक आहे? मालकाने ते सूचनाफलकावर लिहिले आहे काय?

एवढे सर्व ज्यांच्या बाबतीत बोलताच येत नाही, असा फार मोठा वर्ग याच दोन तालुक्यांत आहे. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा ही साखर कारखान्यांची नावे या भागातल्या शेंबड्या पोरासही पाठ आहेत. परंतु १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने विम्यातून वगळले, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखरेचे व गुळाचे नाव घालून ठेवले. त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तिनेही हा अपवाद ठेवलाच. केवळ त्याच कामास वाहिलेला कारखाना हंगामी, अशी ती व्याख्या आहे. ज्या आवारात आता आसवनी चालते, वीज तयार होऊन विकली जाते, तो कारखाना केवळ साखरेस वाहिलेला कसा? हा प्रश्न कामगार संघटनांनी विचारावयास हवा होता. तो विचारण्याचे धैर्य कोणी का दाखविले नाही, हे या भागातील राजकारण जाणणाऱ्यास सांगावे लागणार नाही.

आणि गव्हाणीपर्यंत ऊस पोहोचविणाऱ्या कोयत्यांचे काय? बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर या तालुक्यांत उतरतात. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता. उचल मुकादमाकडून घेतलेली, म्हणून कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नव्हेत. शिधापत्रिका गावाकडची, पण योजनेतील रुग्णालय राज्यात कोठेही चालते, म्हणून शस्त्रक्रियेची वेळ आली तर पाच लाखांची सोय त्यांसही आहे. परंतु एक दिवस ताप आला तर? त्या दिवसाचा खाडा धरला जातो, मजुरी तर बुडतेच, वर दंड चढतो. बाळंतीण फडात कोयता धरते, कारण विसाव्याचे मोल देणारा कोणी नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ साली राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. जेथे पोट कापण्याची सोय आहे आणि पोट धरून चार दिवस पडण्याची सोय नाही, तेथे दुसरे काय घडणार? आजारपणाचा रोख भत्ता ही चैन नव्हे, हे ज्यास पटत नसेल त्याने डिसेंबरच्या पहाटे निरेच्या काठी एखाद्या फडात जाऊन यावे. साखर कारखान्यांना दिलेला अपवाद रद्द करावा आणि तोडणीवाल्यांचा विमा कारखान्याच्या गाळपावर बसवावा, ही मागणी गावोगावच्या ग्रामसभांनी ठराव करून शासनाकडे पाठविली पाहिजे.

ज्यांना विमा लागू आहे त्यांनी मात्र ठरावाची वाट पाहू नये. विम्याचे वर्ष दोन भागांत चालते: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्या भागातील वर्गणीचा लाभ पुढील जानेवारीपासून, दुसऱ्या भागातील वर्गणीचा लाभ जुलैपासून. आजारपणाच्या भत्त्यास सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. मधल्या काळात पगार मर्यादेच्या वर गेला, तरी तो सहामाही भाग संपेपर्यंत विमा सुटत नाही. तेव्हा पगारवाढीचे निमित्त करून नाव कमी करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या पगारचिठ्ठीवर कपात दिसते काय, विमा क्रमांक कोणता, त्यावर किती दिवस भरले गेले, हे दर महिन्यास पाहावे. कपात होऊन भरणा झाला नसेल, तर तो गुन्हा आहे. कंत्राटदार पळून गेला तरी कंत्राटी कामगाराची वर्गणी भरण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर टाकली आहे. म्हणून ज्याच्या नावावर नोंद नाही, त्याने कंत्राटदाराच्या मिनतवाऱ्या करू नयेत. सरळ मूळ कारखान्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, त्याची एक प्रत विमा महामंडळाच्या पुण्याच्या कार्यालयास पाठवावी, आणि दोन्हींची पोच घरी शिधापत्रिकेबरोबर जपून ठेवावी.