टक्के मोजले, गरज विचारली का?

मुदखेड जंक्शनवरून एक मार्ग आदिलाबादकडे फुटतो, दुसरा निजामाबादकडे. इथल्या फलाटावर पायाच्या ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेले दोघं उभे आहेत, असं समजू. एकाला फुलांची टोपली घेऊन नांदेडचा बाजार गाठायचा आहे. दुसरी कॉलेजला निघाली आहे, पण डब्याची उंच पायरी तिला चढवत नाही. प्रमाणपत्रावर दोघं सारखेच. अडचण मात्र दोघांची वेगळी.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्येच सांगितलं की, दिव्यांगत्व केवळ शरीरात नसतं; घर, रस्ता आणि लोकांची वागणूकही ते घडवतात. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यातल्या कलम ३८ प्रमाणे जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तीला स्वतः अर्ज करता येतो आणि तिची गरज मूल्यांकन मंडळानं तपासायची असते.

ही तरतूद गावात किती जणांना माहीत आहे?

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते सगळ्यांना सारखे वाटून टाकणं सोपं असतं. पण कुणाला दारापुढे उतार हवा असतो, कुणाला श्रवणयंत्राची दुरुस्ती, तर बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या आईला दिवसातले चार तास मोकळे. म्हणून खर्चाचा ठराव लिहिण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं आणि सरपंचांनी प्रत्येक दिव्यांग व्यक्तीच्या घरी जावं. आईवडिलांशी बोलावंच, पण पहिला प्रश्न त्या माणसालाच विचारावा आणि त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत नोंदवावं.