विश्लेषण : नेत्रतज्ज्ञ व्हायचे, तर तयारी मोबाइलवर की ओपीडीत?

रत्नागिरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये १०० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची इंटर्नशिप धरली, तर ही मुले २०२९ च्या सुमारास डॉक्टर होऊन बाहेर पडतील आणि त्यातली बहुतेक लगेच पुढच्या परीक्षेच्या मागे लागतील. काहींना नेत्रतज्ज्ञ व्हायचे असेल. ती तयारी कशी करायची हा त्यांचा खासगी प्रश्न वाटतो, पण तसा तो नाही. मंडणगडपासून राजापूरपर्यंत लांबच लांब पसरलेल्या नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात डोळे दाखवायचे म्हटले की वाडीतल्या आजीचा अख्खा दिवस मोडतो आणि सोबत जाणाऱ्या मुलाचा रोज बुडतो. उद्या तिच्यासमोर बसणारा डॉक्टर कशातून घडतो आहे, याच्याशी तिचा थेट संबंध आहे.

वाट कशी आहे?

एमबीबीएसनंतर पहिला उंबरठा ‘नीट-पीजी’चा. २०० प्रश्न, ८०० गुण, साडेतीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. २०२४ पासून प्रश्नपत्रिकेचे पाच भाग केले आहेत. ४० प्रश्नांच्या एका भागाला ४२ मिनिटे मिळतात आणि वेळ संपली की मागे जाता येत नाही. देशभरातून दोन लाखांहून अधिक डॉक्टर ही परीक्षा देतात. त्यात एमबीबीएसच्या सगळ्या १९ विषयांचे प्रश्न असतात, डोळे हा त्यातला एक छोटा विषय. म्हणजे डोळ्यांचा डॉक्टर कोण होणार, हे ठरवणाऱ्या परीक्षेत डोळ्यांविषयी फारसे विचारलेच जात नाही.

गुणवत्ता यादीत जागा मिळाली, तर तीन वर्षांचे एम.एस. किंवा डीएनबी. दोन वर्षांच्या पदविकेचाही एक रस्ता आहे, त्याकडे नंतर येऊ. एमबीबीएसची अंतिम परीक्षा आणि पदव्युत्तर प्रवेश या दोन्हींसाठी एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा घेण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात झाली, पण ती लांबणीवर पडत आली आहे. तारखांचे तर विचारूच नका. २०२४ ची परीक्षा २३ जूनला होती, ती आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि ११ ऑगस्टला झाली. गावाहून निघून परीक्षेच्या शहरात मुक्कामाला पोहोचलेल्यांचे त्या रात्री काय झाले असेल, याची कल्पना करावी.

अभ्यास मोबाइलवर का गेला?

कारण तो तिथे सोपा आणि स्वस्त झाला. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोकणातल्या मुलाला चांगल्या शिकवणीसाठी मुंबई किंवा पुणे गाठावे लागे, खोली भाड्याने घ्यावी लागे. आता तीच व्याख्याने आणि हजारो सरावप्रश्न फोनवर मिळतात. रत्नागिरीच्या मुलासाठी ही मोठी समता आहे आणि तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

अडचण वेगळी आहे. अ‍ॅपवर डोळ्याचा फोटो येतो, खाली चार पर्याय येतात. फोटो नेहमी स्पष्ट असतो आणि आजार नेहमी पुस्तकात असतो तसाच. विद्यार्थी चित्र ओळखायला शिकतो, रुग्ण नव्हे. त्यातच नियमांनुसार इंटर्नशिपमध्ये नेत्रविभागाच्या वाट्याला जेमतेम दोन आठवडे येतात. नेमके त्याच वर्षी प्रवेश परीक्षेचा ताण शिगेला असतो, त्यामुळे सही करून वाचनालयात जाऊन बसण्याचा मोह कुणालाही होईल. दोष मुलांचा नाही. परीक्षा ज्याचे गुण देते, तेच मुले करणार.

पण ओपीडीत असे काय मिळते?

इथे रत्नागिरीचे पारडे जड आहे. इथल्या शेतात, समुद्रावर आणि पावसात जे डोळे बिघडतात, ते परीक्षेच्या पुस्तकांतले आवडते विषय आहेत.

भातकापणीत पात डोळ्याला लागते. दोन दिवस दुर्लक्ष होते, मग मेडिकलमधून कुठले तरी थेंब आणले जातात. त्यात स्टेरॉइड असेल, तर बुबुळावरच्या बुरशीला खतपाणीच मिळते. पिसासारख्या विस्कटलेल्या कडांचा पांढुरका व्रण आणि आसपास छोटे ठिपके हे बुरशीच्या संसर्गाचे वर्णन प्रत्येक पुस्तकात आहे. पण ज्याने असा एक डोळा स्लिट लॅम्पखाली पाहिला, ‘काय लागले होते?’ हा प्रश्न स्वतः विचारला आणि खरवडलेल्या नमुन्यात बुरशीचे तंतू पाहिले, त्याला हे वर्णन पाठ करावे लागत नाही.

मासेमारी करणाऱ्यांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षांच्या उन्हावाऱ्याने वडस वाढतो. काजूच्या टरफलातले तेल डोळ्यात उडते. नारळ-आंब्याच्या बागांत काम करताना फांदी, काटकी लागते. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते आणि सकाळी घरचे म्हणतात, ‘याचे डोळेच उघडत नाहीत.’ दोन्ही पापण्या खाली आलेल्या असतात. परीक्षेत हा एका गुच्छातला प्रश्न असतो. रुग्णालयात हा श्वास बंद पडण्याआधीचा इशारा असतो आणि त्याला डोळ्यांचे थेंब नव्हे, तातडीने प्रतिविष लागते.

पावसाळ्यातला लेप्टो तर कोकणाला नवा नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा त्याची धास्ती सर्वांनीच घेतली होती. मात्र तापातून उठल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी डोळा लाल होऊन धूसर दिसू लागते, याचा संबंध त्या तापाशी फार थोडे जण लावतात. डोळ्याच्या आतल्या या दाहाला युव्हायटिस म्हणतात. मदुराईच्या परिसरात १९९३-९४ मध्ये पुरानंतर असे रुग्ण एकदम वाढले, तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी ते नोंदवले आणि आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो विषय आहे. ‘गेल्या पावसात ताप आला होता का? शेतात पाण्यात उतरत होता का?’ हे दोन प्रश्न विचारायला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

शेजारच्या रायगड जिल्ह्यात, महाडमध्ये, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली आणि ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने ती छापली. त्यांचा विषय डोळे नव्हता. पण छोट्या गावातला रुग्ण जगाच्या पुस्तकात जाऊ शकतो, याचा पुरावा मुंबई-गोवा महामार्गावरच आहे.

मग एम.एस.ची परीक्षा काय पाहते?

तीन वर्षांनी समीकरण उलटते. लेखी परीक्षेच्या चार प्रश्नपत्रिका असतात. मूलभूत शास्त्रे, नेत्ररोग, शरीरातल्या इतर आजारांचा डोळ्यांशी संबंध आणि नवी संशोधने व सामाजिक नेत्रवैद्यक, असा साधारण आवाका. प्रत्यक्षात प्रत्येक जण खुराणा किंवा पार्सन्सपासून सुरुवात करून कान्स्कीपर्यंत आणि अमेरिकन अकादमीच्या तेरा खंडांपर्यंत पोहोचतो, निदान ते कपाटात तरी ठेवतो. पण खरी कसोटी प्रात्यक्षिकाची. लेखीत भरपूर गुण पडले, तरी प्रात्यक्षिकात स्वतंत्रपणे किमान ५० टक्के मिळवावेच लागतात. समोर रुग्ण असतो, हातात टॉर्च, आणि परीक्षक विचारतात, ‘काय दिसते ते सांगा.’ नाव नव्हे, काय दिसते ते. मोबाइलवर दहा हजार प्रश्न सोडवलेला उमेदवार अनेकदा इथेच अडखळतो, कारण त्याला नाव सांगायची सवय असते, पाहायची नसते.

आणि हात?

हा सगळ्यात अवघड भाग. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू निघाले. त्याच सर्वेक्षणात सुमारे ७ टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीमुळे आलेले होते. हा आकडा परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहावा असे मला वाटते. पर्यायी प्रश्नांत हात दिसत नाही. लॉगबुकात शस्त्रक्रियांची संख्या दिसते, पण त्यातली किती मिनिटे सुरी विद्यार्थ्याच्या हातात होती, ते दिसत नाही.

हा प्रश्न मोठ्या संस्थांनाही चुकलेला नाही. २०२३ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नेत्रविभागाच्या निवासी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करायला मिळत नाहीत, अशी जाहीर तक्रार केली. विभागातील वरिष्ठांनी ती फेटाळली आणि प्रकरण संपापर्यंत व राजीनाम्यांपर्यंत गेले. कोण बरोबर होते, हा आज आपला विषय नाही. एवढे मात्र दिसले, की रुग्णांची गर्दी असली म्हणजे विद्यार्थ्याचा हात आपोआप तयार होतो असे नाही. शिकवणाऱ्याने सुरी सोडावी लागते आणि शेजारी उभे राहावे लागते. त्याआधीचा सराव बोकडाच्या डोळ्यांवर होतो, जगभर अशाच प्राण्यांच्या डोळ्यांवर होतो. मटणाचे दुकान रत्नागिरीतही आहे. लागते ते एक जुने सूक्ष्मदर्शक आणि आठवड्यातून दोन तास देणारा वरिष्ठ.

जिल्ह्याला यात काय करता येईल?

पहिली गोष्ट, नियमांतच आहे ती वापरणे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करणे सक्तीचे आहे. अनेक जण त्याकडे अभ्यास बुडवणारी बदली म्हणून पाहतात आणि सोयीचे ठिकाण शोधतात. कोकणाने आपली रुग्णालये त्यासाठी पुढे करावीत. कळंबणी, कामथे किंवा दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात पावसाळ्यानंतरचे तीन महिने काढलेला विद्यार्थी सामाजिक नेत्रवैद्यकाचा पेपर निराळ्या हाताने लिहील. अट एकच, त्याला तिथे स्लिट लॅम्प चालू स्थितीत मिळाला पाहिजे, नाही तर तो नुसते चष्म्याचे नंबर काढत बसेल.

दुसरी गोष्ट त्या पदविकेची. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० मध्ये दोन वर्षांच्या आठ पदविका सुरू केल्या. जिल्हा पातळीवरची रुग्णालये डोळ्यांसमोर ठेवूनच त्या आखल्या गेल्या आणि त्यात नेत्ररोगही आहे. पुढे डीएनबी करण्याचा रस्ताही खुला राहतो. पदविका म्हणजे दुय्यम ही समजूत पालकांत घट्ट आहे. मला ती पटत नाही. मोतीबिंदू नीट काढणारा, काचबिंदू वेळेत ओळखणारा आणि मधुमेह्याचा दृष्टिपटल तपासून त्याला योग्य ठिकाणी पाठवणारा पदविकाधारक तालुक्याच्या गावी बसला, तर नावापुढे दोन अक्षरे कमी आहेत याची तक्रार रुग्ण करणार नाहीत.

आणि इंटर्नशिपचे ते दोन आठवडे. महाविद्यालयाने एवढेच करून पाहावे : सहीऐवजी रोज एका रुग्णाची पानभर नोंद मागावी, मराठीत लिहिली तरी चालेल. काय लागले, कधी लागले, आधी डोळ्यात काय घातले, आज काय दिसले. रविवार वगळता बारा दिवसांत बारा नोंदी होतील. बारा रुग्णांत एक तरी भातकापणीचा निघेल.