विश्लेषण : बोली कोटींची, पण पलटण उभी राहिली नवख्यांवर! पुणेरी पलटणचे आकडे काय सांगतात?

कोरेगाव : प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी पुणेरी पलटणला दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हार पत्करावी लागली. विजेतेपद तीन गुणांनी हुकले, पण गेल्या चार हंगामांत पलटणने गाठलेली ही तिसरी अंतिम फेरी होती. त्याआधीच्या आठ हंगामांत मात्र या संघाला एकदाही अंतिम फेरी गाठता आली नव्हती. हा बदल कसा झाला? आणि सातारा-सांगलीच्या मैदानांवर घाम गाळणाऱ्या मुलांनी त्यातून काय घ्यावे?

सुरुवात कशी होती?

लीग २०१४ मध्ये आठ संघांसह सुरू झाली. पहिल्या दोन्ही हंगामांत पलटण गुणतक्त्यात तळाला राहिली. मनजीत छिल्लरच्या नेतृत्वाखाली तिसऱ्या आणि चौथ्या हंगामात संघ तिसरा आला. पाचव्या हंगामात बाद फेरीत पाटणा पायरेट्सने रोखले. सहाव्या आणि सातव्या हंगामात तर बाद फेरीही गाठता आली नाही. नावाजलेले खेळाडू येत होते आणि जात होते. एक संघ म्हणून घडी काही बसत नव्हती.

वळण कुठे आले?

आठव्या हंगामात, म्हणजे २०२१-२२ मध्ये. राहुल चौधरी, नितीन तोमर अशी मोठी नावे संघात होती. पण गुणांचा भार उचलला तो मोहित गोयत आणि अस्लम इनामदार या दोन नवख्यांनी. मोहित त्या हंगामातील सर्वोत्तम युवा खेळाडू ठरला. अस्लम अहिल्यानगर जिल्ह्यातला, तेव्हा फारसे कुणाला माहीत नसलेला.

हे दोघे लिलावातून आले नव्हते. प्रो कबड्डीत ‘न्यू यंग प्लेअर’ असा गट असतो. त्यातील खेळाडू बोलीत न उतरता थेट संघाशी करारबद्ध होतात. पलटणने ‘युवा पलटण’ या आपल्या उपक्रमातून अशी मुले हेरली, वर्षभर एकत्र खेळवली आणि मग मुख्य संघात आणली.

त्याचे फळ पुढच्याच हंगामात दिसले. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या हाताखाली नवव्या हंगामात संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला. मुंबईत १७ डिसेंबर २०२२ रोजी जयपूर पिंक पँथर्सने तो सामना ३३-२९ असा जिंकला. दहाव्या हंगामात मात्र पलटणने कसर भरून काढली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पहिले विजेतेपद पटकावले. कर्णधार होता अस्लम, आणि हंगामातील सर्वात मौल्यवान खेळाडूही तोच. दरम्यान २०२३ मध्ये हांगझो आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात अस्लम आणि नाशिकचा आकाश शिंदे असे पलटणचे दोन मराठी खेळाडू होते.

मग पैशाने काहीच होत नाही का?

तसेही नाही. दहाव्या हंगामासाठी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतले आणि बचावात त्याने कमाल केली. पुढच्या हंगामात हाच शादलू हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता ठरला.

पण दुसरी बाजूही पाहा. त्याच दहाव्या हंगामात सर्वाधिक बोली लागली ती पवन सेहरावतवर, २ कोटी ६० लाख ५० हजार. त्याचा संघ तेलुगू टायटन्स गुणतक्त्यात शेवटचा आला. एकटा चढाईपटू बाद झाला की त्याला पुन्हा मैदानात आणायला मागे गडी मारणारे सहकारी लागतात. पलटणकडे ते आधीपासून होते. तयार घरावर कळस चढवायला पैसा कामी येतो, पाया मात्र आधी भरावा लागतो.

आकडे वाचताना काय लक्षात ठेवावे?

• गुणपद्धत बदलली आहे. अकराव्या हंगामापर्यंत विजयाला ५, बरोबरीला ३ आणि ७ किंवा कमी गुणांनी हरल्यास १ गुण मिळे. बाराव्या हंगामात विजयाला २ गुण झाले. त्यामुळे दहाव्या हंगामातील ९६ गुण आणि बाराव्यातील २६ गुण यांची थेट तुलना करता येत नाही.

• विजयाची टक्केवारी पाहा. दहाव्या हंगामात साखळीत २२ पैकी १७ विजय, म्हणजे सुमारे ७७ टक्के. बाराव्यात १८ पैकी १३, म्हणजे सुमारे ७२ टक्के. आकड्यांत दिसते तेवढी घसरण प्रत्यक्षात नाही.

• फक्त एकूण चढाई गुण पाहू नका. ते किती चढायांत मिळाले, ‘करो या मरो’ चढाईत काय झाले आणि खेळाडू किती वेळ बाकावर बसला, हेही तितकेच महत्त्वाचे.

धोका कुठे आहे?

अकराव्या हंगामाने तो दाखवला. अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने मध्येच बाहेर पडला आणि गतविजेता संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. बाराव्या हंगामात अस्लम परतला, पंकज मोहिते आणि आदित्य शिंदे यांनी चढाईची धुरा वाहिली आणि पलटण पुन्हा वर आली. संघाला राखीव फळी सावरते. दुखापतग्रस्त मुलाला कोण सावरणार, हा प्रश्न घरच्यांसमोर असतो.

सातारा-सांगलीच्या मुलांसाठी याचा अर्थ काय?

आपल्या पट्ट्याला कबड्डी नवी नाही. वाळवा तालुक्यातील कासेगावचा काशिलिंग आडके दुसऱ्या हंगामात दबंग दिल्लीकडून सर्वोत्तम चढाईपटू ठरला होता. सांगलीचा नितीन मदने २०१४ च्या इंचॉन आशियाई सुवर्णविजेत्या संघात होता.

पण जागा किती, हेही मोजायला हवे. लीगमध्ये १२ संघ आणि प्रत्येक संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू. म्हणजे देशभरातून आणि परदेशातून मिळून फार तर ३०० जण. लिलावातील सर्वात खालच्या ‘ड’ गटाची पायाभूत किंमत ९ लाख रुपये. बारावा हंगाम अवघ्या दोन महिन्यांत संपला. पुढच्या हंगामात करार मिळेलच, याची हमी नसते.

म्हणून ‘प्रो कबड्डी’ हेच एकमेव ध्येय ठेवणे जोखमीचे आहे. किशोर, कुमार आणि पुरुष गटांच्या जिल्हा निवड चाचण्या, राज्य अजिंक्यपद स्पर्धा आणि तिथून राष्ट्रीय संघ, ही जुनी वाट आजही खुली आहे. संघांचे लक्षही अशाच स्पर्धांकडे असते. शिवाय रेल्वे, पोलीस, सेनादल यांचे संघ आहेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवणे आणि क्रीडा विभागाकडून त्यांची पडताळणी करून घेणे आवश्यक असते.

पलटणला अंतिम फेरीपर्यंत पोहोचायला आठ हंगाम थांबावे लागले. नवख्यांना वेळ दिला, तेव्हा निकाल आले. गावातल्या मुलाच्या बाबतीतही घाई न करता वेळ द्यायला हवा. पण त्या वेळेत त्याचे शिक्षण, त्याचा गुडघा आणि त्याची प्रमाणपत्रे, या तिन्हींची काळजी घेणे ही घराची आणि मंडळाची जबाबदारी आहे.