जोखीम कुणाची, सही कुणाची?

जोखमीच्या देशात संशोधनासाठी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला ब्रिटन-अमेरिकेतील विद्यापीठे रीतसर परवानगी देतात, आणि ही परवानगी त्याच्या रक्षणासाठी असते असा सार्वत्रिक समज आहे. हा समज तपासून पाहायला हवा. माझे प्रतिपादन असे, की आज ही प्रक्रिया ज्या रीतीने राबवली जाते त्यात प्रवाशापेक्षा संस्थेचे रक्षण अधिक होते. आणि संशोधकाला खरा धोका जिथून संभवतो, त्या दिशेला ती पाहतच नाही.

प्रक्रियेचा सांगाडा थोडक्यात असा. विद्यार्थी अर्ज भरतो: कोठे जाणार, किती दिवस, उतरणार कोठे. मग त्या देशाचे नाव परराष्ट्र खात्याच्या प्रवाससूचनेत कोणत्या पायरीवर आहे ते पाहिले जाते. अमेरिकेत जानेवारी २०१८ पासून अशा चार पायऱ्या आहेत. पहिलीवर नेहमीची सावधगिरी, चौथीवर 'जाऊ नका'. वरच्या दोन पायऱ्यांवरील देशांसाठी अनेक विद्यापीठांत खास समितीपुढे अर्ज न्यावा लागतो. ब्रिटनमध्ये परराष्ट्र खात्याने जाऊ नये असे म्हटले, की नेहमीचा प्रवासविमा सहसा लागू होत नाही. म्हणजे तेथेही निर्णयाची किल्ली त्या सूचनेतच. पुढे जोखमीच्या आढाव्याचा तक्ता, विभागप्रमुखाची सही, विम्याचा क्रमांक. कागद पुरे झाले की जोखीम संपली, असे कोणी उघड म्हणत नाही. कारभार मात्र तसाच चालतो.

आता या सांगाड्याशेजारी एक प्रेत ठेवून पाहावे. केंब्रिज विद्यापीठात पीएच.डी. करणारा जूलिओ रेजेनी हा २८ वर्षांचा इटालियन विद्यार्थी २५ जानेवारी २०१६ रोजी कैरोत नाहीसा झाला. ३ फेब्रुवारीस कैरो-अलेक्झांड्रिया वाळवंटी मार्गालगत त्याचा मृतदेह सापडला. छळाच्या खुणा इतक्या होत्या, की आपण त्याला केवळ नाकाच्या शेंड्यावरून ओळखले, असे त्याच्या आईने पुढे सांगितले. इजिप्तच्या सुरक्षा यंत्रणेतील चार अधिकाऱ्यांविरुद्ध रोममध्ये त्यांच्या गैरहजेरीत खटला उभा राहिला तो २०२१ मध्ये. तो लगेच अडला आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. इजिप्त सरकारने आरोप सतत नाकारले आहेत.

ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या त्या वेळच्या नकाशावर लाल रंग होता तो उत्तर सिनाईला. कैरो त्यात नव्हते. नकाशा खोटा होता असे नाही. तो पर्यटकासाठी काढलेला होता. बॉम्बस्फोट, अपहरण, दंगल हे त्याचे विषय. आणि हे धोके जागेला चिकटलेले असतात. रेजेनीचा धोका जागेला चिकटलेला नव्हता, त्याच्या अभ्यासविषयाला चिकटलेला होता. तो स्वतंत्र कामगार संघटनांचा अभ्यास करत होता, रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना भेटत होता, प्रश्न विचारत होता. २०११ च्या उठावाने धसका घेतलेल्या राजवटीला प्रश्न विचारणारा परदेशी मनुष्य हेर वाटतो. फेरीवाल्यांच्या संघटनेच्या ज्या पुढाऱ्याशी त्याचा परिचय होता, त्यानेच त्याची खबर पोलिसांना दिली. या संशयाला नकाशावर रंग कोणता द्यायचा?

कोणी म्हणेल, हा अपवाद. मग डरहॅम विद्यापीठाच्या मॅथ्यू हेजेसचे उदाहरण घ्यावे. संयुक्त अरब अमिरातीच्या सुरक्षाविषयक धोरणावर तो प्रबंध लिहीत होता. मुलाखती आटोपून परतताना ५ मे २०१८ रोजी दुबईच्या विमानतळावर त्याला अटक झाली, कित्येक महिने एकांतवासात ठेवले गेले, आणि २१ नोव्हेंबरला हेरगिरीच्या आरोपाखाली जन्मठेप सुनावली गेली. पाच दिवसांनी माफी मिळून तो सुटला. लक्षावधी लोक सुट्टी घालवायला जातात ते हे शहर. पर्यटकाला निर्धोक असलेली जागा संशोधकाला तुरुंग ठरू शकते, इतकी साधी गोष्ट देशांच्या यादीत मावत नाही.

याहून बोचरे प्रकरण पॅट्रिक झाकीचे. हा इजिप्शियन तरुण इटलीत बोलोन्या विद्यापीठात शिकत होता. फेब्रुवारी २०२० मध्ये तो सुट्टीसाठी घरी निघाला आणि कैरोच्या विमानतळावरच पकडला गेला. सुमारे २२ महिने तो कोठडीत होता. २०२३ च्या जुलैत त्याला शिक्षा झाली आणि लागलीच माफीही. व्हिएन्नात शिकणाऱ्या अहमद समीर सांतावी याच्यावर २०२१ मध्ये असाच प्रसंग आला. अर्जातील 'गंतव्यस्थान' या रकान्यात यांनी काय लिहावे? त्यांचे गंतव्यस्थान म्हणजे घर. परवानगीची सारी कल्पना एका गृहीतावर उभी आहे: विद्यार्थी सुरक्षित देशाचा रहिवासी आहे आणि धोका 'तिकडे' आहे. ज्यांचे 'तिकडे' हेच 'इकडे' आहे, त्यांच्यासाठी या कागदात जागा नाही. आणि आलेल्या संशोधकाला वाट दाखवणारे, दुभाषाचे काम करणारे, मुलाखती जुळवून देणारे स्थानिक लोक? संशोधकाला विमानाने बाहेर काढण्याची सोय विम्यात असते. हे लोक त्या विम्यात सहसा नसतात.

आपणही या नकाशावर आहोत. अमेरिकी परराष्ट्र खात्याने जून २०२५ मध्ये भारतासाठी काढलेल्या सूचनेत नक्षलवादाच्या कारणाने ज्या विस्तीर्ण पट्ट्याचा उल्लेख आहे, तो पूर्व महाराष्ट्रापासून सुरू होतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा हे सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक. तेथील ग्रामसभेचा अभ्यास करू पाहणारा परदेशी विद्यार्थी समितीपुढे उभा राहील तेव्हा 'पूर्व महाराष्ट्र' हे दोन शब्द बोलतील, गाव बोलणार नाही. आणि आपले सरकार याहून शहाणे आहे अशी फुशारकी नको. जानेवारी २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने काढलेल्या आदेशानुसार देशाची सुरक्षा, सीमाप्रदेश वा अंतर्गत बाबी यांवरील आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिसंवादासाठीही परराष्ट्र मंत्रालयाची पूर्वसंमती लागणार होती. विरोध झाल्यावर तो पुढच्याच महिन्यात मागे घेतला गेला. कोणी कोठेच जाणार नव्हते, तरी परवानगी हवी होती! येथे विषयाकडे पाहिले गेले खरे, पण ते संशोधकाला जपण्यासाठी खासच नव्हे.

यावर एक सयुक्तिक आक्षेप आहे. पंचविशीतल्या विद्यार्थ्याला मोहाचा विषय आणि मार्गदर्शकाचा उत्साह यांच्या भरवशावर सोडून द्यावे काय? मुळीच नाही. संस्थेने अडवण्याचा अधिकार ठेवावा, हे मला मान्य आहे. पण अधिकारासोबत उत्तरदायित्व येते, आणि सध्याच्या पद्धतीत नेमके तेच गळते. नकार दिला तर संस्था सुखरूप. होकार दिला आणि अनर्थ घडला, तरी विद्यार्थ्यानेच सही केलेला जोखमीचा तक्ता संस्थेच्या हाती असतो. धोका ओळखल्याचा पुरावा म्हणून घेतलेली सही वेळ येताच धोका पत्करल्याचा पुरावा होते. अशा व्यवस्थेत समितीचा कल नकाराकडे झुकला तर नवल कसले? परिणामी ज्या समाजांविषयी जगाला सर्वांत कमी ठाऊक आहे, त्यांविषयीचे ज्ञान आणखी आटते, आणि तेथील बातमी सरकारी प्रवक्त्यांच्या तोंडूनच येऊ लागते.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. पहिले, अर्जातला पहिला प्रश्न 'कोठे' हा नसून 'काय विचारणार, आणि ते कोणाला खुपेल' हा असावा. आणि त्याचे उत्तर विम्याच्या कारकुनाने नव्हे, त्या प्रदेशाच्या जाणकाराने तपासावे. दुसरे, मार्गदर्शकाची सही विद्यार्थ्याच्या सहीइतकीच बंधनकारक असावी. तिसरे, विद्यार्थी पकडला गेल्यास संस्था काय करील, वकील कोण देईल, कुटुंबाशी कोण बोलेल, हे प्रस्थानापूर्वी लेखी द्यावे. घरी परतणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही आणि स्थानिक साहाय्यकालाही. चौथे, नकार सकारण असावा आणि त्यावर दाद मागता यावी.

यांतील एकही गोष्ट खर्चाच्या मानाने अशक्य नाही. अडचण एवढीच, की यांतील प्रत्येक कागदावर सही संस्थेला करावी लागेल.