देखभाल पुस्तिका अद्ययावत हवी. पण तिची किंमत कोणी मोजायची?

पुणे, प्रतिनिधी - ग्लायडरला इंजिन नसते, म्हणून त्याची देखभाल सोपी आणि स्वस्त असावी, असा सर्वसाधारण समज आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र ग्लायडर हेही विमानच. त्याची तपासणी व दुरुस्ती निर्मात्याच्या देखभाल पुस्तिकेनुसारच करावी लागते. निर्माते या पुस्तिका वेळोवेळी सुधारतात. अशा वेळी प्रत्येक सुधारित आवृत्ती मालकाने विकत घेतलीच पाहिजे काय, हा प्रश्न उभा राहतो.

राज्यात ग्लायडिंगची परंपरा मुख्यत्वे पुण्यातील हडपसरच्या केंद्राने जोपासली. हे केंद्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत चालत आले आहे. म्हणजे येथे नियम करणारा आणि ग्लायडर बाळगणारा एकच. पुस्तिकेचा खर्च सरकारी तिजोरीतून भागतो. खासगी मालकाला किंवा लहान क्लबला ती सोय नाही.

महासंचालनालयाच्या 'सीएआर-एम' या नियमावलीनुसार, देखभाल करणाऱ्याला लागू असलेली अद्ययावत माहिती उपलब्ध असली पाहिजे आणि त्याने तीच वापरली पाहिजे. येथे भर 'उपलब्ध असणे' यावर आहे, 'विकत घेणे' यावर नाही. मालकाच्या कपाटात प्रत्येक आवृत्ती असावी, अशी सक्ती यातून निघत नाही. मात्र अभियंता ज्या दिवशी काम करतो, त्या दिवशीची चालू आवृत्ती त्याच्या हाती असलीच पाहिजे. ती अन्य मार्गाने मिळत नसेल, तर खरेदी अटळ ठरते.

जिवाशी थेट संबंध असलेली माहिती मात्र विकली जात नाही. जून २०१० मध्ये ऑस्ट्रियात चेक बनावटीच्या 'ब्लानिक एल-१३' ग्लायडरचा पंख हवेतच तुटला आणि दोघांचा बळी गेला. पंखाच्या मुख्य आधारदांड्याला धातूच्या थकव्यामुळे तडा गेला होता. युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने उड्डाणयोग्यता निर्देश काढून या जातीच्या ग्लायडरची उड्डाणे थांबविली. असे निर्देश कोणालाही विनामूल्य पाहता येतात आणि ते पाळणे बंधनकारक असते.

पण अपघातानंतर निघणारा निर्देश आणि अपघात टाळण्यासाठी नित्य करावयाची तपासणी यांत मोठे अंतर आहे. तपासणी कोणत्या तासांनी करावी, कोणता सांधा कसा पाहावा, हे पुस्तिकेत असते. युरोप व अमेरिकेचे नियम निर्मात्याला मालकास मूळ सूचनासंच देण्यास आणि पुढील बदल उपलब्ध करून देण्यास सांगतात. मात्र हे बदल फुकट द्यावेत, असे म्हणत नाहीत. शिवाय अमेरिकेतील ही तरतूद २८ जानेवारी १९८१ नंतर प्रमाणपत्रासाठी अर्ज झालेल्या जातींनाच लागू आहे. जर्मनीच्या 'डीजी फ्लुगझॉइगबाऊ' कंपनीने जुन्या ग्लायडरच्या मालकांसाठी वार्षिक सेवा करार आणला, तेव्हा तिकडे नाराजी उमटली होती. कंपनीची अडचणही खोटी नाही. ज्या ग्लायडरचे उत्पादन केव्हाच थांबले, त्यांची कागदपत्रे सांभाळण्यास अभियंते लागतात आणि त्यांचा पगार कोठून तरी यावाच लागतो.

भारतीय बनावटीच्या ग्लायडरचा पेच वेगळा आहे. 'रोहिणी' हे दोन आसनी ग्लायडर नागरी विमान वाहतूक खात्याच्याच तांत्रिक केंद्रात आखले गेले आणि १९६१ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. अशा जुन्या जातींच्या बाबतीत पुस्तिका विकणारा निर्माताच उरत नाही. तेथे माहिती जपण्याची जबाबदारी आराखडा करणाऱ्या शासनाकडेच जाते.

हा प्रश्न पुण्यापुरता नाही. जालन्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही धावपट्टी आहे. उद्या तेथे एखाद्या क्लबने जुने ग्लायडर आणून प्रशिक्षण सुरू करायचे ठरविले, तर खरेदीची किंमत एकदाच मोजावी लागेल. पुस्तिकेचे शुल्क मात्र वर्षानुवर्षे येत राहील. पैसा अपुरा पडला की जुन्याच पानांवर काम उरकण्याचा मोह होतो आणि खरा धोका तेथेच आहे.

जी माहिती वापरणे कायद्याने सक्तीचे आहे, ती निदान वाचण्यासाठी तरी खुली असली पाहिजे. छापील प्रत, सुटे भाग, तांत्रिक सल्ला यांचे शुल्क निर्मात्याने जरूर घ्यावे. महासंचालनालयाने ग्लायडरच्या चालू पुस्तिकांचा एक सामाईक संग्रह ठेवून तो क्लबना व अभियंत्यांना खुला केला, तर सक्ती आणि परवड यांतील दरी बरीच बुजेल. अन्यथा नियम कागदावर पाळला जाईल आणि तपासणी मात्र जुन्या पानावरून होईल.