२५० कोटी वर्षांची गॅरंटी

नांदेड-लातूरकडे जमीन हादरली की कुणीतरी म्हणतंच, "अहो, आपल्याखालचा खडक २५० कोटी वर्षं जुना आहे, त्याला काय धाड भरलीये!" असं बोलणारे चांगले शिकलेले असतात, म्हणून जास्त डोकं फिरतं.

मंडळी, आकडा खोटा नाही. लातूरच्या काळ्या बेसाल्टखाली आणि देगलूर-बिलोलीकडे उघड्यावर जो ग्रॅनाइटी खडक आहे, तो साधारण त्याच काळातला. त्याच्यापुढे ६.६ कोटी वर्षांचा दख्खनचा लाव्हा म्हणजे कालचं पोर. हे वय काढतात कसं? शिलारस आत घुसून थिजताना झिरकॉनचे बारीक स्फटिक बनतात. ते युरेनियम आत घेतात, शिशाला जवळपास थारा देत नाहीत. त्यामुळे आज आत सापडणारं शिसं युरेनियमच्याच क्षयातून आलेलं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं ७० कोटी. एकाच कणात दोन घड्याळं! दोन्ही जुळली तर भरवसा ठेवायचा. झकास पद्धत आहे, वादच नाही.

पण ती मोजते काय? आपल्या भाषेत, फाइलची 'क्रिएटेड' तारीख. त्याच खडकातल्या काळ्या अभ्रकाचं पोटॅशियम-आर्गॉनने वय काढा, कमी भरेल; कारण खडक ३०० अंशांच्या आसपास निवेपर्यंत आर्गॉन निसटत राहतो. उलट झिरकॉनचा गाभा आधीच्या खडकातून उसना आलेला असेल, तर आकडा ग्रॅनाइट घुसण्याच्याही आधीचा निघतो. म्हणजे 'वय' सांगणाऱ्याला आधी विचारावं, बाबा रे, कशाचं?

आणि नंतर तो खडक कुठे तडकला, आज त्यात किती ताण साठलाय, हे झिरकॉनचं वय सांगतच नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला ६.२ चा भूकंप झाला तो याच म्हाताऱ्या खडकात. तोवर नकाशावर लातूर झोन १ मध्ये, सगळ्यात निर्धास्त! हजारो माणसं मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदाखाली गेली. नंतर तिथे भोक पाडलं तेव्हा ३३८ मीटर बेसाल्टखाली हाच खडक लागला. २००२ साली लातूर झोन ३ मध्ये गेलं. खडकाचं वय तेवढंच होतं हो.

२१ मार्च २०२४ ला हिंगोली-नांदेड ४.५ ने हललं. तरी वाक्य तेच.

तिकडे फ्लॅट बघताय? ओट्याला कुठला ग्रॅनाइट लावणार ते नंतर विचारा. आरसीसी डिझाइन कुठला झोन धरून केलंय ते आधी विचारा, आणि कागद दाखवायला लावा.